मोरीला बोळा

मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, ही म्हण आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. क्षुल्लक जागी काटेकोरपणा आणि महत्त्वाच्या जागी बेफिकिरी, असा तिचा अर्थ. सरकारी खर्चाविषयी कोणी लिहू लागले की ती हमखास आठवते, आणि टिपणे वाचताना मीही ती मनातल्या मनात समासात कितीदा तरी लिहिली आहे. शिडाच्या बोटीवर मात्र ही म्हण लागू पडत नाही, कारण तिथे मोरी हाच दरवाजा असतो. भांडी घासलेले पाणी ज्या वाटेने समुद्रात जाते, त्याच वाटेने समुद्र आत येऊ शकतो. म्हणून अशा बोटीवरची तुंबलेली मोरी दुरुस्त करणे हे घरातली मोरी उपसण्याइतके सोपे काम नाही. मी ते एकदा सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाहिले, आणि त्याच वेळी माझ्या टेबलावर जे प्रकरण होते त्याच्याशी त्याचा संबंध जोडल्यावाचून मला राहवले नाही.

२०१७ ते २०२० या काळात माझी नेमणूक कोचीत होती. तेथे एका निवृत्त नौदल अभियंत्यांशी स्नेह जुळला. मूळचे देवगडकडचे, नोकरीची बरीच वर्षे दक्षिण नौदल कमांडमध्ये काढलेली, आणि निवृत्तीनंतर कोचीलाच घर केलेले. सगळे त्यांना कमांडरसाहेब म्हणत. परप्रांतात मराठी बोलणारा माणूस भेटला की ओळख व्हायला निमित्त लागत नाही. आमच्या ओळखीला वहिनींच्या हातची सोलकढी पुरेशी ठरली. त्यांच्याजवळ चौतीस फुटी, फायबरग्लासची, जुनी परदेशी बांधणीची एक शिडाची बोट होती. २०१९ च्या डिसेंबरात दोघांनी तीतून गोव्याला जायचे ठरवले होते. मांडवीतल्या दिवाडी बेटावर जिथे ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौदलाच्या शिडाच्या बोटी बांधल्या गेल्या, ती जागा कमांडरसाहेबांना वहिनींना दाखवायची होती. ‘म्हादेई’तून नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, आणि ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी ती केली. त्या सहाजणींनी आठ महिने त्या बोटीवर स्वयंपाक केला आणि भांडीही घासली, हे वहिनी आवर्जून सांगत.

पण वहिनींची एक अट होती. मोरी वाहती झाल्याशिवाय त्या बोटीवर पाऊल ठेवणार नव्हत्या. अट वाजवी होती. आदल्या वर्षी एका छोट्या सफरीत सिंकमध्ये अर्धे भरून राहिलेले तेलकट पाणी बोट कलताच जमिनीवर सांडले, त्यावरून वहिनींचा पाय घसरला आणि मनगट मोडले. किनारा सहा तासांवर होता. समुद्रावर साठीच्या माणसाचे हाड मोडणे म्हणजे काय, हे मला समजावून सांगायला नको.

आता ही मोरी हळू का वाहते ते पाहू. घरात ओट्यावरचे सिंक जमिनीपासून तीन फूट उंच असते आणि त्याखालचा पाइप सरळ खाली उतरतो. पाणी स्वतःच्या वजनाने कोसळते, वाटेत थोडा गाळ असला तरी त्याला ढकलून नेते. बोटीत तसे नसते. सिंकचा तळ बाहेरच्या समुद्राच्या पातळीपेक्षा जेमतेम एक वीत उंच असतो. पाण्याला ढकलणारा जोर काय तो त्या एका वितेचा. नळी खाली कितीही खोल नेली तरी बाहेरचे पाणी तितक्याच जोराने मागे ढकलत असते, त्यामुळे हिशेबात फक्त दोन पातळ्यांमधला फरक उरतो. शिवाय सिंक रिकामे होत जाईल तसा हा फरकही घटत जातो, म्हणून शेवटचे तांब्याभर पाणी सर्वांत जास्त रेंगाळते. बोटीवर येणारे पाहुणे हटकून विचारत, की मग ओहोटीच्या वेळी भांडी घासली तर? त्यावर कमांडरसाहेब म्हणत, “अहो, पाण्याबरोबर बोटही खाली जाते. ओहोटीचा फायदा बंदराच्या धक्क्याला, आपल्याला नाही.” फरक पडतो तो ओझ्याने. गोड्या पाण्याच्या टाक्या, डिझेल आणि शिधा भरला की बोट दीड-दोन सेंटिमीटर खाली बसते. म्हणजे त्या वितेचा जवळजवळ दहावा हिस्सा सफर सुरू होण्याआधीच खर्च झालेला असतो.

इतक्या तुटपुंज्या जोरावर चालणाऱ्या व्यवस्थेत बारीकसारीक अडथळेही मोठे ठरतात. घरच्या पाइपला एखादा एल्बो जास्त लागला तर कोणाला कळतही नाही. इथे तो कळतो.

तोपर्यंत जे उपाय झाले होते ते आपण सगळेच करतो. रबरी पंपाने दट्ट्या मारून झाले होते, उकळते पाणी ओतून झाले होते, खायचा सोडा आणि व्हिनेगर टाकून झाले होते. प्रत्येक उपायानंतर दोन-तीन दिवस बरे वाटे. एका दुकानदाराने कॉस्टिक सोडा सुचवला. नळीचे रबर आणि खालच्या बॅकवॉटरमधले मासे या दोहोंचा विचार करून तो नाकारण्यात आला. एका मित्राने विजेचा छोटा पंप बसवायला सांगितले. यात तथ्य होते, कारण काही बोटींवर सिंक समुद्रपातळीच्या इतके जवळ असते की पंपावाचून गत्यंतरच नसते. पण कमांडरसाहेबांचे उत्तर मला फार आवडले. “पंप बसवला की मोरी कुठे अडली आहे हे कळायचेच बंद होईल. आणि ज्या दिवशी बॅटरी उतरेल त्या दिवशी आपण आज आहोत तिथेच, वर एक बिघडलेला पंप घेऊन.”

मग एका रविवारी आम्ही कामाला लागलो. मी घड्याळ धरून बसलो. सिंकमध्ये आठ लिटर पाणी ओतून बूच काढले. रिकामे व्हायला ३ मिनिटे ४० सेकंद लागली.

यानंतरची कृती मी येथे जरा सविस्तर देतो, कारण मला ती महत्त्वाची वाटते. नळीच्या खालच्या टोकाला, जिथे ती बोटीच्या तळातल्या भोकाला मिळते, तिथे एक कॉक असतो. त्याला सी-कॉक म्हणतात. त्याचा दांडा नळीच्या रेषेत असला की वाट उघडी, आडवा असला की बंद. हा कॉक आधी बंद केल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. कॉकजवळच दोरीने बांधलेली एक निमुळती लाकडी गुडदी लोंबत असते. कॉक तुटला तर ती भोकात ठोकायची. मोरीचा बोळा तो हाच! कॉक बंद करून कमांडरसाहेबांनी नळीचे खालचे टोक सोडवले आणि बादलीत धरले. मी पुन्हा आठ लिटर पाणी सोडले. पाणी भरभर बादलीत पडले असते तर वरची वाट स्वच्छ आणि दोष फक्त खाली, असा निष्कर्ष निघाला असता. वेळ १ मिनिट ५० सेकंद आला. बादली समुद्राच्या पातळीच्या खाली असल्याने पाण्याला तिथे नेहमीपेक्षा जास्त उतार होता, तरीही एवढा वेळ. म्हणजे दोष वरही होता आणि खालीही. “आता दोघांना वेगवेगळे पकडायचे,” ते म्हणाले.

वरचा दोष आधी सापडला. नळी हवी त्यापेक्षा हातभर लांब होती. सिंकपासून निघून कपाटामागे ती झोळीसारखी खाली लोंबली होती, मग एका फळीवरून वर चढून पुन्हा उतरत होती. झोळीत पाणी साचून राही आणि चढावाच्या माथ्यावर हवा. घरच्या पाइपातले पाणी अशा हवेला रेटून पुढे नेते. वीतभर जोराच्या पाण्याला ते साधत नाही. नळी कापून पाहिली तेव्हा झोळीत भाताची शिते, नारळाचे दूध काढून उरलेला चोथा आणि साबण-तेलाचा राखाडी लगदा असे सगळे थरावर थर बसले होते. नळीचा आतला व्यास २५ मिलिमीटर. लगद्यातून उरलेली वाट जेमतेम १५. व्यास ऐकताना फार वाटत नाही, पण वाट म्हणजे क्षेत्रफळ, आणि ते एक तृतीयांशाच्या थोडे वर उरले होते.

खालच्या दोषासाठी जेट्टीवरचा एक तरुण पाणबुड्या बोलावला. कोचीच्या बॅकवॉटरमध्ये पावसाळाभर गोडे पाणी आणि जलपर्णीचे लोंढे येतात. पाऊस ओसरला की खारेपणा परततो आणि बोटीच्या तळाला बार्नकल धरू लागतात. या कवचांनी बाहेरून भोकाची कड अरुंद केली होती. त्याने ती खरवडून काढली. वेळ सुधारला, पण अपेक्षेइतका नाही.

खरी गोष्ट संध्याकाळी उघड झाली. कमांडरसाहेब जमिनीवर पालथे पडून टॉर्चच्या उजेडात कॉककडे पाहत होते. तीन वर्षांपूर्वी एका सुताराने सिंकखाली एक सुबक फळी बसवून दिली होती. वहिनींचा प्रेशर कुकर ठेवायला बोटीवर जागा नव्हती, ती त्या फळीने झाली. कॉकचा दांडा उघडताना त्या फळीच्या कडेला जाऊन टेके. हात आत घालून दांडा फिरवणाऱ्याला तो थांबल्याचे जाणवे, आणि कॉक पूर्ण उघडला असे तो समजे. प्रत्यक्षात जेमतेम निम्मा उघडत होता, आणि अर्धवट फिरलेल्या गोळ्याच्या कडेला चोथा अडकून राहत होता. फळी कोणाच्याही नजरेत खुपत नव्हती. सुताराचे काम चोख होते, कुकर जागच्या जागी होता, कॉक चालू स्थितीत होता. तक्रार करण्यासारखे एकही माणूस किंवा वस्तू त्यात नव्हती.

दरम्यान माझ्यातला अर्थशास्त्राचा विद्यार्थी वेगळाच प्रस्ताव मांडत होता. भोक आणि नळी दोन्ही २५ ऐवजी ३८ मिलिमीटरची का करू नये? क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून अधिक होईल. क्षमता वाढवणे हा कोणत्याही कोंडीवरचा पहिला सुचणारा उपाय. कमांडरसाहेबांनी पेन्सिल काढून उलटा हिशेब मांडला. समजा कॉक तुटला किंवा नळी निसटली. पाण्याखाली फूटभर खोल असलेल्या २५ मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला चाळीस लिटरच्या आसपास समुद्र आत येईल, ३८ च्या भोकातून नव्वदच्या वर. हजार लिटर पाणी आत यायला पहिल्या भोकातून पंचवीस मिनिटे, दुसऱ्यातून अकरा. “झोपेतून जागे होऊन गुडदी शोधायला मला पंचवीस मिनिटे हवीत,” ते म्हणाले. आहे ती वाट पूर्ण वापरून झाल्यावरच रुंद वाटेचा विचार, असे त्यांचे मत पडले. याच कारणाने त्यांनी दुकानातला चकचकीत पितळी जोड परत केला. खाऱ्या पाण्यात पितळातले जस्त निघून जाते, धातू वरून धड दिसतो आणि एके दिवशी हातात तुटून येतो. तिथे कांसे लागते, आणि नळीला एकाऐवजी दोन क्लिपा. शिडाच्या बोटी वादळात बुडतात असे आपल्याला वाटते. त्यांच्या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक असते की कित्येक बोटी धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत, कोणी नसताना, अशाच एखाद्या जोडातून बुडतात.

आता माझ्या टेबलाकडे येतो. त्या महिन्यात माझ्याकडे कुटुंब निवृत्तिवेतनाच्या विलंबाचे प्रकरण होते. कर्मचारी सेवेत असताना वारला तर त्याच्या कुटुंबाला पहिले निवृत्तिवेतन मिळायला आमच्या त्या कार्यालयात सरासरीने नव्हे, तर सर्रास, वर्ष उलटत असे. एका शिपायाची विधवा दर सोमवारी येऊन बाहेरच्या बाकावर बसे. काही मागत नसे. मुलीची दुसऱ्या वर्षाची फी भरायची राहिली आहे, हे मला तिच्याकडून नव्हे, चहावाल्याकडून कळले. दोष लेखा कार्यालयाचा, असे सर्वांचे एकमत होते. उपाय म्हणून वर्षातून दोनदा विशेष मोहीम निघे. पंधरा दिवस लोक रात्री आठपर्यंत बसत, ढीग निम्मा होई आणि चार महिन्यांत पुन्हा पूर्ववत. मोहिमांना माझा विरोध नाही. २०२१ पासून केंद्रात दर ऑक्टोबरात प्रलंबित प्रकरणांची मोहीम घेतली जाते आणि तिने अनेक कार्यालयांतली अडगळ खरोखर हलली. पण मोहीम म्हणजे दट्ट्या आहे, आणि दट्ट्या मारल्यावर नळी कुठे लोंबते ते कळत नाही. दुसरा प्रस्ताव दोन नवी लिपिक पदे मागणारा होता. तिसरा, आणि वरून सर्वांत आधुनिक दिसणारा, असा की वारसांच्या ओळखीची आणि कागदपत्रांची एका अधिकाऱ्याकडून होणारी साक्षांकनाची पायरीच रद्द करावी, कारण फायली तिथे थांबतात.

मी निकाली निघालेल्या दहा फायली मागवल्या आणि प्रत्येक हालचालीची तारीख एका मोठ्या कागदावर उतरवली. बादलीची चाचणी हीच. लेखा कार्यालयात फायली फार वेळ नव्हत्याच. वेळ दोन जागी जात होता. एक, सेवापुस्तकातल्या त्रुटींसाठी फाइल खालच्या कार्यालयात जाई, एक त्रुटी दुरुस्त होऊन वर येई, मग दुसरी निघे आणि ती पुन्हा खाली जाई. एका फायलीने ही झोळी पाच वेळा पार केली होती. सर्व त्रुटी एकाच वेळी लिहाव्यात असा आदेश काढला. त्याला खर्च काहीच नव्हता. दोन, साक्षांकनाची पायरी. ती अधिकारी कामचुकार नव्हती. तीन वर्षांपूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका शाखेचा अतिरिक्त कार्यभार तिच्याकडे तात्पुरता देण्यात आला होता, आणि तो तसाच राहिला होता. आठवड्यातले तीन दिवस ती तिकडे असे. कागदावर पद भरलेले, अधिकार दिलेले, कॉक उघडा. नव्या लिपिकांनी तिच्या टेबलावरचा ढीग फक्त लवकर उंच केला असता. तिथे आणखी एका माणसाची सीमांत उत्पादकता शून्य होती.

पायरी रद्द करण्याचा प्रस्ताव मी परत पाठवला. त्याच अधिकारीने आदल्या वर्षी दोन प्रकरणे पकडली होती, ज्यांत खरी पत्नी गावी होती आणि दाखले दुसऱ्याच बाईच्या नावाने आले होते. मोरी वेगाने वाहावी म्हणून कॉकच काढून टाकायचा, तर या बायकांच्या हक्काचे पैसे बाहेर आणि फसवणूक आत, अशी ती वाट झाली असती. आजकाल प्रक्रिया सुलभ करणे म्हणजे पायऱ्या कमी करणे असे समीकरण रूढ झाले आहे. फाइलीने निर्णयासाठी चारपेक्षा अधिक पातळ्या चढू नयेत हे २०२१ मध्ये केंद्राने ठरवलेले धोरण मला योग्यच वाटते, कारण नुसत्या ‘पाहिले’ म्हणून सही करणाऱ्या पातळ्या म्हणजे एल्बो आहेत. पण एल्बो कोणता आणि कॉक कोणता हे पालथे पडून, टॉर्च घेऊन पाहावे लागते. ते परिपत्रकातून दिसत नाही.

तिचा अतिरिक्त कार्यभार काढायला मला सहा आठवडे लागले, कारण तो दुसऱ्या कोणालाच नको होता. अखेर ती शाखा माझ्याच एका उपसंचालकाकडे आली आणि त्याने माझ्याशी बरेच दिवस अबोला धरला. शिपायाच्या त्या विधवेचे प्रकरण फेब्रुवारीत मार्गी लागले. मुलीने फी भरली की वर्ष सोडले, हे कळण्याआधी माझी बदली झाली.

बोटीवर मात्र काम त्याच आठवड्यात पूर्ण झाले. नळी हातभर कापून सिंकपासून कॉकपर्यंत एकसारख्या उताराने नेली. दोन एल्बोंच्या जागी एक लांब वळण आले. सिंकच्या तोंडाशी जाळी बसली, आणि चोथा मोरीत न टाकता डब्यात टाकायचा असा वहिनींचा नियम झाला. फळीला दांड्यापुरती खाच पाडली. पुन्हा आठ लिटर पाणी, पुन्हा घड्याळ: ३५ सेकंद.

डिसेंबरच्या मध्यावर ते निघाले. किनाऱ्याने उत्तरेकडे जाताना वारा बहुधा वायव्येकडून, म्हणजे समोरून येतो, आणि आलटून-पालटून दोन्ही बाजूंना कलत जावे लागते. सिंक डाव्या अंगाला होते; वारा उजवीकडून आला की बोट डावीकडे कले आणि सिंक समुद्रपातळीच्या खाली जाई. मोरी आता इतकी मोकळी होती की कॉक उघडा राहिला तर समुद्रही तितक्याच मोकळेपणाने वर आला असता. पूर्वी लगद्यामुळे हे जाणवत नसे. म्हणून वहिनींनी सिंकवर ठळक अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवली: वारा उजवीकडून, कॉक बंद. दर वेळी दिशा बदलताना त्या खाली उतरून दांडा आडवा करत आणि दिशा पुन्हा पालटली की उघडून भांडी घासत. मुरगावहून त्यांचा फोन आला तेव्हा मी मनगटाची चौकशी केली. मनगट ठीक होते. तक्रार एकच होती, की खाच पाडलेल्या फळीवर कुकर आता नीट बसत नाही, आणि तीन दिवस तो त्यांच्या बिछान्यावर पायथ्याशी ठेवावा लागला.